दोना भरलेलाच परत आला

आमच्या यांना वाटतं, माझी नागभीडला बदली झाली ती त्यांच्या अर्जांमुळे. अजूनही पाहुणे आले की सांगतात — "एकसारखे अर्ज केले, तेव्हा कुठं बाई घरी आली." पाहुणे माना डोलावतात, मी चहा ओतते. ती बदली खरी कशी झाली ते मी त्यांना सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आई होती तेव्हा तिलाही नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा तेवढी गोष्ट वगळूनच जोडले — जणू त्याला ती ठाऊकच नसावी.

तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

मी पंचायत समितीत होते. आधी ग्रामसेविका, नंतर विस्तार अधिकारी. विस्तार नेमका कशाचा करायचा ते मला निवृत्त होईपर्यंत नीट कळलं नाही, पण मोटारसायकलवर मागे बसून गावोगाव फिरायचं आणि गावाचं वर, वरचं गावात सांगायचं, एवढं मात्र जमायला लागलं होतं. लोक म्हणायचे, बाई बोलतात चांगल्या. खरंच बोलायचे मी. आणि म्हणूनच तर ही गोष्ट मला जड जाते — जिचं सगळं आयुष्य बोलण्यावर गेलं, ती नेमकी कुठे गप्प बसली?

गडचिरोली जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. नाव नाही सांगत, गावाचा काही दोष नाही. गावाच्या पलीकडे मोठा तलाव, आणि तलावाच्या पाळीवरून चालत गेलं की मोहाच्या झाडांत एक वस्ती. सगळे नुसतं टोला म्हणायचे. माझी पहिली नेमणूक तिथली. नवं लग्न झालेलं, नवरा नागभीडला रेल्वेत, आणि मी इकडे जंगलात. तालुक्याच्या गावात एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा मैनाबाई मला म्हणाली, "माह्या घरी राह्य. खोली हाये, कोंबड्या हायेत, आनखी का पायजे तुले?"

मैनाबाईची ओळख कशी करून द्यावी? लहानखुरी, काळीसावळी, कपाळावर गोंदण, आणि हसली की सगळं अंग हसायचं. तिचा नवरा गेलेला, मुलगा-सून शेतावर राहत. मला ती पोरी म्हणायची, आणि लोकांपुढे बाई. मी रडायला लागले की ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. तांदळाची पेज पुढे ठेवायची आणि बाहेर जाऊन कोंबड्यांवर ओरडायची. कोंबड्यांची काही चूक नसायची.

त्या घरात मी जेवढी सुखी होते तेवढी नंतर कुठेच झाले नाही. हे वाक्य लिहिताना आमचे हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत आहेत. त्यांनी वाचलं तर वाईट वाटेल, पण खरं आहे. मोहफुलं पडायच्या दिवसांत ती मला उजाडायच्या आधी हलवून उठवायची. झाडाखालचा पाला आदल्या दिवशीच जाळून जागा स्वच्छ केलेली असायची, आणि त्यावर पिवळट फुलं पसरलेली. सगळ्या रानाला गोड, जरा आंबूस वास. आम्ही टोपल्या घेऊन वाकायचो. कोणतं झाड कोणाच्या घराचं हे टोल्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मैनाबाईने एक झाड मला दिलं होतं. कागदावर नाही हो — म्हणाली, हे तुयं. झालं. माझ्या नावावर आज नागभीडला घर आहे, सातबारा आहे. पण माझं म्हणून सगळ्यात आधी आठवतं ते ते झाड.

आणि तलाव. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की सगळा टोला एकाच दिवशी मासोळ्या धरायला उतरायचा. त्याआधी कोणी जाळं टाकायचं नाही. दिवस कोणता, ते बैठकीत ठरायचं. बायका, बाप्ये, म्हातारेकोतारे, सगळे चिखलात. मीही पातळ खोचून उतरायचे, ग्रामसेविकेचा मान पाळीवर ठेवून. मला एकही मासोळी धरता यायची नाही. बायका हसून हसून चिखलात बसायच्या. संध्याकाळी वाटे पडले की माझाही वाटा असायचा, सगळ्यांएवढाच, आणि मैनाबाई म्हणायची, "हे पाय, सरकारनं मासोळ्या धरल्या."

बैठकीबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही.

टोल्यात कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नसे. पाहुण्याला तर नाहीच. त्यांना ते फार उर्मट वाटायचं, दारात आलेल्या माणसाच्या अंगावर पाणी फेकावं तसं. मग ठरवायचे कसे? बैठकीत मधोमध पानांचा एक दोना ठेवत, त्यात भाजलेली मोहफुलं. बोलणं होई, भरपूर होई, आणि मग दोना हातोहात फिरे. ज्याला पटलं तो एक फूल उचलून खाई. बायकाही खात. दोना रिकामा झाला की ठरलं. फुलं उरली तर पुन्हा बोलायचं, पुन्हा फिरवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बसायचं. आणि ज्याने विषय मांडला त्याच्याकडे दोना भरलेलाच परत आला, तर तो विषय संपला. त्यावर कोणी एक शब्द बोलत नसे. मग पाऊसपाण्याच्या गप्पा.

मी नव्याने आले तेव्हा मला हे काय ठाऊक? मी हातपंपाची जागा घेऊन बैठकीत गेले. नकाशा उलगडला, सगळं समजावून सांगितलं, विचारलं — कोणाची हरकत? सगळे गप्प. दोना फिरला, मला वाटलं खाऊ आहे. माझ्यापाशी भरलेला आला तेव्हा मी चार फुलं तोंडात टाकून म्हटलं, छान आहेत. आणि सर्वानुमते मंजूर असं ठरवून टाकलं. हातपंप बसला. त्याचं पाणी एकाही बाईने भरलं नाही. जागा त्यांच्या पूर्वजांच्या दगडांना लागून होती. तिथे भांडी घासायची, पाय धुवायचे, हे त्यांना कसं चालावं? बायका आपल्या जुन्याच झिऱ्यावर जात राहिल्या, आणि मला कोणी काही बोललं नाही.

शेवटी मैनाबाईनेच सांगितलं. आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "अवो पोरी, अख्ख्या टोल्यानं तुले नाई म्हतलं, अन् तू फुलं खात बसली!" मग तिने मला दोन्याची रीत शिकवली. त्यानंतर मी तिथे इतकी वर्षं काम केलं, पण पुन्हा तशी चूक झाली नाही. टोल्याचं मौन मला वाचता यायला लागलं. या गोष्टीचा मला अभिमान होता. साहेबांनाही सांगायची मी — बाहेरच्या माणसाला वाटतं हे लोक बोलत नाहीत, पण तसं नाही बरं का साहेब.

म्हणजे बघा, मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. ते दार मी स्वतःच लावून घेतलेलं आहे.

आत्ताच उठून गॅसवर दूध ठेवून आले. गरज नव्हती.

तर — तालुक्याचं गाव नगरपंचायत झालं. मोठं गाव, तेव्हा व्हायचंच होतं. काही वर्षांत त्यांना हद्द वाढवायची झाली, आणि नव्या हद्दीत तलाव आणि पलीकडचा टोला येत होता. तलाव हवा होता सगळ्यांना. पाळीवर बाग, नावा, मासेमारीचा ठेका, काय काय बोलत होते. वाईट माणसं नव्हती ती. गावाचं भलं व्हावं असं वाटणारीच होती, पण त्यांचं गाव पाळीपाशी संपत होतं. टोला हद्दीत गेला की त्याची ग्रामसभा संपणार होती. ग्रामसभा म्हणजेच ती बैठक. मग तलावात कधी उतरायचं, रानातलं काय तोडायचं आणि काय राखायचं, हे टोल्याला कोणी विचारायची गरजच उरणार नव्हती. एखादा वॉर्ड, एखादा नगरसेवक, तोही बहुतेक पलीकडचा. एवढंच.

मी तेव्हा विस्तार अधिकारी झाले होते. तालुक्याच्या गावात क्वार्टर मिळालं होतं, पण सणावाराला, आणि उगीचही, मी टोल्यात जायची. टोल्याचं मत घ्यायला मलाच पाठवलं. साहेब म्हणाले, बाई तुमचं ऐकतात ते लोक.

मी बैठकीत सगळं खरं सांगितलं. रस्ता होईल, दिवे येतील, कर लागेल, ग्रामसभा राहणार नाही. लच्चूभाऊ, टोल्यातले सगळ्यात वडील, बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढत होते. मग दोना फिरला. मी डोळ्यांनी पाहत होते. एका हातातून दुसऱ्या हातात जात होता आणि एकही बोट आत जात नव्हतं. तरणी पोरं होती, त्यांना दिवे हवे होते, त्यांनीही उचललं नाही. दोना माझ्यापाशी आला. काठोकाठ. एक फूलसुद्धा कमी झालेलं नव्हतं.

मैनाबाई उठून माझ्याजवळ आली. तिने तो दोना माझ्या मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाली, "आता तूच सांग तिथी. आमाले त्यायची बोली येत नाई. तू आमची हायेस."

मी म्हटलं, सांगीन.

सर्वसाधारण सभा नगरपंचायतीच्या नव्या सभागृहात होती. खाली भाजीबाजार, वर सभागृह. पंचायत समितीकडून आसपासच्या गावांची माहिती द्यायला खरं तर साहेब जायचे, त्या दिवशी ते जिल्ह्याला गेले होते आणि मला धाडलं. मी इस्त्रीची साडी नेसले. आत गेले तर मला पाठ टेकायची खुर्ची, पाठीवर टॉवेल टाकलेली. समोर माइक. बशीत काजू. हसू नका — तोवरच्या नोकरीत मी अशा सभांना भिंतीशी फाईल घेऊन उभी असायची. काजू साहेब लोक खायचे.

मी बोलायला लागले. नळयोजना कुठवर आली, शाळेचं छप्पर, घरकुलांची रखडपट्टी, गावाबाहेर टाकलेल्या कचऱ्यावरून शेजारच्या गावाची तक्रार. मध्ये मध्ये एखादा चिमटाही काढला, नगरसेवक हसले. नगराध्यक्षांनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "बाईले आपल्याकडेच घेऊन टाका रे, मस्त बोलते." पुन्हा हशा. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. मला फार छान वाटत होतं. सभा सुरू व्हायच्या आधीच त्यांनी विचारलं होतं, घरचे कुठे असतात बाई? मी नागभीड सांगितलं, तर म्हणाले, अरे मग बदली काऊन नाई मागत, आपली ओळख हाये वर, सांगून टाकू. सहज म्हणाले होते. माझ्या मनात मात्र तो शब्द सारखा फिरत होता.

आणि मग त्यांनी विचारलं, "अन् बाई, त्या टोल्याचं का? तुमी बैठक घेतली ना? कोनी हरकत घेतली का?"

आता सांगते.

मी म्हणाले, "नाही. कोणीही हरकत घेतली नाही."

एवढंच वाक्य. आणि त्यातला शब्दन् शब्द खरा. तोंडाने कोणी हरकत घेतलीच नव्हती! माझ्या आधी हजार वेळा माझ्यासारख्या माणसांनी हेच केलं असेल — खऱ्या शब्दांनी खोटं बोलायचं. कोणी विचारलंच तर हात वर करायची सोय. पण मला कोणी विचारलंच नाही. नगराध्यक्ष म्हणाले चला, पुढचा विषय. माइक बाजूला सरकवला गेला. मी एक काजू उचलून खाल्ला. तो घशाखाली उतरला, हेही सांगितलं पाहिजे. अडकलाबिडकला नाही.

का केलं मी तसं? बदलीसाठी? की त्या हशासाठी, त्या खुर्चीसाठी, सगळ्यांना हवीशी वाटणारी बाई म्हणून आणखी जरा वेळ बसून राहता यावं म्हणून? कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत होते की नवऱ्याजवळ जायचं होतं म्हणून. ते कारण जरा बरं दिसतं, बाईच्या जातीला शोभतं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे नवरा नव्हता. समोर माझ्याकडे बघून हसणारे लोक होते, आणि दोन्याची रीत सांगायला लागले तर ते माझ्यावर हसतील असं मला वाटलं. फुलं खाऊन मत देतात म्हणे! म्हणजे काय, मला टोल्याची लाज वाटली. ज्या घराने मला मांडीवर घेतलं त्या घराची. बदली तर वरकमाई होती.

बदली झाली. नगराध्यक्षांनी वर शब्द टाकला होता, पावसाळ्याआधीच हुकूम आला. आमच्या यांनी पेढे वाटले. मैनाबाईने मला तलावाच्या पाळीवरून बसपर्यंत पोचवलं, माझी पेटी तिच्या डोक्यावर. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, नागभीड का परदेश हाये, येशील.

मग टोला हद्दीत गेला.

त्यानंतर एकदा मैनाबाई नागभीडला आली. एकटी, विचारत विचारत, ब्रॉडगेजच्या फाटकापासून पायी. काखेत मोहफुलांचं गाठोडं. मी दार उघडलं. वाटलं, कळलं हिला. आता बोलेल. एका अर्थी सुटल्यासारखंही वाटलं.

ती पाणी प्यायली. खुर्चीवर नाही बसली, जमिनीवर बसली, आणि मलाही हाताला धरून खाली बसवलं. म्हणाली, "तू लय बोल्ली असशील तिथी. मोठ्या लोकायनं आयकलं नसन. मनाले लावून नको घेऊ, पोरी. टोल्यात सगळ्यायले सांगतलं म्या, बाईचा दोस नाई."

माझी समजूत घालायला आली होती ती. मासेमारीचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला होता, टोल्यातल्या बायकांना पाळीवरून हाकलत होते, आणि ही म्हातारी एवढा प्रवास करून मला सांगायला आली होती की वाईट वाटून घेऊ नकोस.

तेव्हा बोलता आलं असतं. बोलायचंच होतं ना? सभागृहात निदान माणसं होती, माइक होता, भूल पडली म्हणावी. इथे माझ्याच स्वयंपाकघरात आम्ही दोघी. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मी मान खाली घातली आणि रडले. तिला वाटलं टोल्यासाठी रडते आहे. मी तिला तसं वाटू दिलं.

सभेतल्या त्या वाक्यापेक्षा मला हे रडणं जास्त टोचतं. ते वाक्य एका घाबरट बाईचं होतं. हे रडणं चोराचं होतं.

पुढे दरवर्षी मोहफुलांचं गाठोडं येत राहिलं. कधी कंडक्टरच्या हाती, कधी कोणी दवाखान्याला येणारा आणून देई. त्यात माझ्या झाडाची फुलं वेगळ्या फडक्यात बांधलेली. मी ती भाजायची, तीळ घालून लाडू करायची, शेजारी वाटायची. सगळे विचारायचे, कोण पाठवतं हो? मी म्हणायची, माहेरून येतात.

मैनाबाई गेली तेव्हा निरोप आला होता. मी ताप आहे असं सांगितलं. ताप नव्हता. लच्चूभाऊ, त्या पोरी, त्या बायका, सगळे मला मधे बसवतील, तिच्या गोष्टी मला सांगतील, टोल्याचीच लेक म्हणून. ते मला सोसलं नसतं. तिच्या मातीला मी गेले नाही. आता हे माझ्या खात्यावर आणखी एक.

आणि तरी — काय सांगू तुम्हाला — जीव तिकडेच ओढतो. आता निवृत्त आहे, दुपारी काही काम नसतं. मूल गावाकडे जाणारी बस दिसली तरी मनात येतं, हिच्यात बसावं, मूलला उतरावं, पुढची धरावी. पाळीवरून चालत जावं. कोंबड्यांवर कोणी ओरडत असेल. मोहाच्या दिवसांत इथे नागभीडला, सिमेंटच्या घरात, उजाडायच्या आधी मला आपोआप जाग येते आणि मी पडून राहते. नुसती पडून राहते. कशाचीच टोपली भरायची नसते. ज्या घरी यायला मी ते सगळं विकलं, त्या घरात मी इतकी वर्षं पाहुणीसारखी राहिले. यांचं त्यात काही चुकलेलं नाही, फार चांगले आहेत.

तीन दिवसांपूर्वी सुनंदाचा फोन आला. मैनाबाईची नात. मी पाहिली तेव्हा पाळण्यात होती, आता टोल्यातल्या अंगणवाडीत सेविका आहे, आणि आवाज थेट आजीचा. नमस्कार चमत्कार नाही. म्हणाली, "बाई, आमी हद्दीतून बाहेर निघाची मागनी केली. सोमवारी नगरपंचायतीच्या सभेत टोल्याले बोलावलं हाये. पन तिथी सगळे म्हनते का तवा टोल्यानं हरकतच घेतली नव्हती, आता काऊन बोंबलता. तुमी तवा आमच्याकडून बोलल्या होत्या. आजी मरेपर्यंत सांगे. तेच एकदा त्यायच्या तोंडावर सांगा. तुमचं मानतीन ते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

ती पुढे बोलत होती. रविवारीच या म्हणाली. आजीची खोली झाडून ठेवली हाये. संध्याकाळी तलावाकडे जाऊ, बायका वाट पाहून राह्यल्या, तुमच्या मासोळ्या धरायच्या गोष्टी आमाले सगळ्या पाठ हायेत. हसली. मी म्हणाले, येते. माझ्या तोंडून ते इतक्या लवकर निघालं की मलाच नवल वाटलं. फोन ठेवला आणि मी कपाटातून पातळं काढायला लागले — चिखलात चालेल असं कोणतं, ते बघायला! या वयात, गुडघे दुखत असताना.

मग भानावर आले.

रविवारी गेले तर मला सगळं मिळणार आहे. ती खोली, ती पेज, तलावाची पाळ, सगळ्या बायका भोवती. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरले ते एक अख्खी संध्याकाळ, फुकट. आणि सोमवारी सभेत सांगायचं ते सांगता येईलच. एक संध्याकाळ, कोणाचं काय बिघडतं? दोन दिवस मी हाच हिशेब करत होते. सोमवारी सांगून झाल्यावर त्या घरात मला कोणी बोलावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. बोलावूही नये. म्हणून तर रविवार हवा होता.

पण त्या खोलीत, मैनाबाईच्या जागी झोपून, तिच्या नातीच्या हातचं खाऊन — पुन्हा तेच? पुन्हा मान खाली घालून पाठीवरचा हात घेत बसायचं?

सुनंदाला मी आज फोन केला. म्हटलं, रविवारी नाही जमणार. सोमवारी सकाळच्या बसने थेट सभेलाच येईन. ती हिरमुसली. काऊन बाई, म्हणाली, आमी तर समद्यायले सांगून ठेवलं. मी म्हटलं, सभेत सांगते.

सभागृह तेच आहे म्हणे, भाजीबाजाराच्या वरचं. मी उभी राहून सांगणार आहे की टोल्याने तेव्हा नाही म्हटलं होतं. सगळ्यांनी. मला ते तिथेच, त्याच क्षणी कळलं होतं, आणि याच सभागृहात मला विचारलं तेव्हा मी ते दडवलं. टोल्यासाठी मी एक शब्दही बोलले नव्हते.

सुनंदा पुढच्याच रांगेत बसलेली असेल. मी तिच्याकडे बघून सांगणार आहे.